धूर, अग्नी आणि जुन्या गाडीचा टर्बो

मागच्या व्याख्यानात आपण अनुमानापाशी थांबलो होतो. डोंगरावर धूर दिसतो, म्हणून तिथे अग्नी असला पाहिजे. न्यायशास्त्र शिकणाऱ्याने हे उदाहरण इतक्या वेळा ऐकलेलं असतं की त्याला त्या डोंगराचाच कंटाळा येतो. आम्हीही वर्गात वर्षानुवर्षं तोच डोंगर दाखवत आलो. आज डोंगर बदलू. आजचा धूर एका जुन्या स्पोर्ट्स कारच्या सायलेन्सरमधून येणार आहे, निळसर रंगाचा. आणि त्यावरून "टर्बो गेला" असं म्हणता येतं का, हा आजचा प्रश्न आहे.

तत्त्वज्ञानाचा प्राध्यापक गाड्यांवर कशाला बोलतोय, असं तुमच्यातल्या काहींच्या चेहऱ्यावर दिसतंय. सांगतो. आमचा पुतण्या जर्मनीत श्टुटगार्टला असतो. तो सॉफ्टवेअरमध्ये, आणि सूनबाई तिथल्या एका रुग्णालयात डॉक्टर. एका उन्हाळ्यात आम्ही दोन महिने त्यांच्याकडे होतो. पुतण्याकडे एक पोर्शे ९४४ टर्बो आहे. १९८५ साली ही गाडी बाजारात आली. अडीच लिटरचं चार सिलिंडरचं इंजिन, २२० अश्वशक्ती. श्टुटगार्टपासून जवळच नेकार्सउल्म नावाचं गाव आहे, तिथल्या कारखान्यात ती तयार होत असे. म्हणजे गाडी तिच्या माहेरीच होती म्हणा ना. पण तिला पस्तीस वर्षं उलटून गेली होती, आणि त्या वयात माहेरीसुद्धा सगळं आलबेल असतंच असं नाही.

झालं होतं असं. वर्षभरापूर्वी गाडी निळा धूर सोडायला लागली. एका गॅरेजने टर्बो खराब झाल्याचं सांगितलं आणि दुरुस्त केलेला दुसरा टर्बो बसवून दिला. खर्च बराच आला. काही महिने गाडी उत्तम चालली. मग शिट्टीसारखा आवाज सुरू झाला, पाठोपाठ धूर, आणि दुसराही टर्बो गेला. सप्टेंबरमध्ये गाडीची सरकारी तपासणी होती. तिकडे दर दोन वर्षांनी ती करावीच लागते, आणि असा धूर सोडणारी गाडी कोणी पास करत नाही. सूनबाईंनी स्वच्छ सांगितलं होतं, "तिसरा टर्बो या घरातून विकत घेतला जाणार नाही. सप्टेंबरपर्यंत ठीक झाली तर ठीक, नाही तर विका." पुतण्याने ही गाडी पहिल्या पगारातून पैसे साठवत घेतलेली. तो काही बोलला नाही, पण रात्री जेवणानंतर तळघरातल्या गॅरेजमध्ये जाऊन नुसता बसायचा. आम्हीही मग एक स्टूल घेऊन तिथे बसायला लागलो.

आधी टर्बो म्हणजे काय ते थोडक्यात बघू, नाही तर पुढचं कळणार नाही. इंजिनातून जळालेला वायू जोराने बाहेर पडतो. एरवी ती शक्ती वाया जाते. टर्बोमध्ये तो वायू एक छोटं चक्र फिरवतो, ते टर्बाइन. त्याच दांड्यावर दुसऱ्या टोकाला आणखी एक चक्र असतं, तो कॉम्प्रेसर. तो बाहेरची हवा दाबून इंजिनात कोंबतो. हवा जास्त, म्हणून पेट्रोल जास्त जाळता येतं, म्हणून ताकद जास्त. अल्फ्रेड ब्युखी नावाच्या स्विस अभियंत्याने या कल्पनेचं पेटंट १९०५ साली घेतलं होतं. हा दांडा, म्हणजे शाफ्ट, मिनिटाला एक लाखाहून जास्त फेरे घेऊ शकतो. एका बाजूला आठ-नऊशे अंशांचा वायू, दुसऱ्या बाजूला बाहेरची हवा, आणि मधे हा शाफ्ट कशाला टेकलेला असतो? तर तेलाला. बुश असतात, पण शाफ्ट चालू असताना त्यांना टेकत नाही, मधल्या तेलाच्या पातळ थरावर तरंगतो. तेल दाबाखाली वरून येतं आणि काम झालं की निव्वळ स्वतःच्या वजनाने खाली इंजिनात परत जातं. ही शेवटची गोष्ट लक्षात ठेवा: परतीच्या वाटेवर तेलाला ढकलणारं कुणी नसतं.

आता धूर. जुने मेकॅनिक रंगावरून सांगतात, आणि ते बरोबरच आहे. काळा धूर म्हणजे पेट्रोल जास्त, हवा कमी. पांढरा, रेंगाळणारा, गोडसर वासाचा म्हणजे कूलंट जळतंय. निळा म्हणजे तेल जळतंय. इथपर्यंत व्याप्ती पक्की. निळा धूर तिथे तेल, यात अपवाद सापडणं कठीण. पण पुढची उडी बघा. निळा धूर, म्हणून टर्बो खराब. इथे व्याप्ती तुटते. पिस्टनच्या रिंगा झिजल्या तरी निळा धूर येतो. व्हॉल्व्हची सीलं कडक झाली तरी येतो. आणि सगळ्यात मौजेची गोष्ट म्हणजे टर्बो पूर्ण निरोगी असतानाही टर्बोमधूनच तेल गळून निळा धूर येऊ शकतो.

हे कसं? टर्बोच्या शाफ्टवर रबराची सीलं नसतात, त्या तापमानात ती टिकणारच नाहीत. तिथे पिस्टनच्या रिंगांसारख्या बारीक धातूच्या कड्या असतात. त्या तेलाला ठोस बूच मारत नाहीत. बाहेर वायूचा दाब जास्त आणि आत कमी, या फरकावर त्यांचं काम चालतं. आता तेलाची परतीची नळी तुंबली, किंवा इंजिनाचा ब्रीदर तुंबून खालच्या भागातच दाब वाढला, तर तेलाला खाली जायला वाट राहत नाही. ते साठतं आणि कड्यांच्या बाजूने बाहेर येतं. टर्बोचा काहीही अपराध नसतो. मोरी तुंबली आणि न्हाणीघरात पाणी आलं, तर आपण नळ बदलतो का?

नैयायिक अशा हेतूला सव्यभिचार म्हणतात. वर्गात हा शब्द आला की मागच्या बाकांवर हसू फुटायचं, दर वर्षी, न चुकता. पण शब्द नेमका आहे. जो हेतू एका साध्याशी एकनिष्ठ राहत नाही, अनेक ठिकाणी सापडतो, तो व्यभिचारी. निळा धूर हा टर्बोच्या बाबतीत असा व्यभिचारी हेतू आहे. मग करायचं काय? हेतू सुधारायचा. नुसता धूर नाही, कोणत्या वेळचा धूर, असं विचारायचं. गाडी रात्रभर उभी होती आणि सकाळी सेल्फ मारल्यावर एक ढग येऊन थांबला, तर संशय व्हॉल्व्हच्या सीलांवर. जोर दिला की सतत धूर, तर रिंगांवर. सिग्नलला दोन-तीन मिनिटं इंजिन मंद चालू होतं आणि निघताना भपकन धूर आला, तर तेल टर्बोपाशी साठत असण्याची शक्यता मोठी. ही शक्यता आहे, सिद्धता नाही, हेही लगेच सांगतो.

इथे आमची फजिती सांगायला हवी. पुतण्याने सांगितलं की गाडी तेल बरंच खाते. आम्ही स्टुलावरून निकाल दिला, "रिंगा गेल्या आहेत. टर्बो बिचारा उगाच बदनाम झालाय." आमच्या तरुणपणीच्या स्कूटरने आम्हाला एवढं एकच शिकवलेलं. त्याने वाद घातला नाही, चाचणी केली. प्रत्येक सिलिंडरमध्ये ठरावीक दाबाने हवा भरायची आणि किती निसटते ते मोजायचं. चारही सिलिंडर ठणठणीत निघाले. "काका, रिंगा तुमच्यापेक्षा तरुण आहेत," एवढंच तो म्हणाला.

त्यानंतर त्याने जे केलं ते आम्हाला फार आवडलं, कारण ते शुद्ध अन्वय-व्यतिरेक होतं. अन्वय म्हणजे कारण असेल तिथे कार्य असणं, व्यतिरेक म्हणजे कारण नसेल तिथे कार्यही नसणं. या गाडीत एक सोय आहे. जळालेला वायू इंजिनाच्या एका बाजूने बाहेर पडतो आणि टर्बो दुसऱ्या बाजूला, इनटेक मॅनिफोल्डच्या खाली बसवलेला आहे. मधे एक लांब पाइप इंजिनाखालून आडवा जातो. म्हणजे टर्बोच्या आधीचा रस्ता आणि नंतरचा रस्ता वेगवेगळे तपासता येतात. तेल इंजिनातून येत असेल तर आधीचा पाइपही ओला दिसला पाहिजे. तेल टर्बोमधून येत असेल तर आधीचा कोरडा आणि नंतरचा ओला. आडवा पाइप उघडला तर आत कोरडी करडी राख. टर्बोनंतरच्या पाइपात बोट घातलं तर काळं, चिकट तेल. म्हणजे तेल टर्बोपाशीच येत होतं. ब्रीदर आणि परतीची नळी तपासली, ती मोकळी होती. तेव्हा टर्बो खरोखरच खराब होता. गॅरेजवाल्याने पहिल्या वेळीही बहुधा खरंच सांगितलं होतं.

इथे थोडं थांबू या, कारण आजच्या बोलण्याचा गाभा इथे आहे. गॅरेजचं निदान खरं होतं. टर्बो बदलणंही आवश्यक होतं. तरीही दुरुस्ती चुकली. कारण "काय बिघडलं" या प्रश्नाचं उत्तर मिळाल्यावर ते थांबले. "ते कशाने बिघडलं" हा प्रश्न विचारलाच गेला नाही. टर्बो हा बहुतेक वेळा आपणहून मरत नाही, त्याला कुणीतरी मारतं. तेल कमी मिळतं, किंवा घाण तेल मिळतं, किंवा हवेतून काहीतरी आत जातं. मारेकरी घरातच राहिला तर नव्या पाहुण्याचंही तेच होणार.

आता दुसरी एक तक्रार होती, ती मधेच उरकून घेऊ. धूर यायच्या बरंच आधीपासून गाडीचा पिकअप कमी झाला होता. या गाडीत दाब दाखवणारा काटा आहे, तो निरपेक्ष दाब दाखवतो. म्हणजे इंजिन बंद असताना किल्ली फिरवली तर तो शून्य दाखवत नाही, साधारण एक बार दाखवतो, बाहेरच्या हवेचा. तसा दाखवत नसेल तर आधी काट्यावरच संशय घ्यायचा. प्रमाण तपासायचं ते प्रमेयाच्या आधी. पूर्ण जोरात पावणेदोन बारच्या आसपास जायला हवं, इथे दीडच्या खालीच अडत होतं. पुतण्याने हवा आत घेण्याच्या तोंडाला बूच बसवून अर्धा बार हवा भरली आणि सगळ्या जोडांवर साबणाचं पाणी शिंपडलं. आपल्याकडे सायकलची ट्यूब घमेल्यात बुडवतात, तेच. इंटरकूलरच्या एका रबरी होजपाशी फेस आला. पस्तीस वर्षांचं रबर, चिरलं होतं.

पण रबराची गंमत पुढे आहे. जास्तीचा दाब सोडून देण्यासाठी वेस्टगेट नावाची झडप असते. दाब वाढला की एका बारीक नळीतून तिला तो कळतो आणि ती उघडते. मधे एक विजेवर चालणारा व्हॉल्व्ह असतो, तो संगणकाच्या हुकमाने या निरोपातला काही दाब गाळतो, म्हणजे झडप उशिरा उघडते. आता मोठ्या होजला भोक पडलं तर दाब कमी होतो, गाडी मंद होते. पण तेच भोक निरोपाच्या बारीक नळीला पडलं तर झडपेला दाब कळतच नाही, ती बंद राहते, आणि दाब मर्यादेबाहेर जातो. मग इंजिन वाचवण्यासाठी संगणक पेट्रोलच तोडतो आणि गाडीला हिसका बसतो. म्हणजे बघा, एकाच वयाचं रबर, एकच दोष, आणि लक्षणं अगदी उलटी. कुठे फुटलं यावर सगळं अवलंबून. या गाडीत बारीक नळ्याही हाताला कडक, बिस्किटासारख्या लागत होत्या. त्या फुटल्या नव्हत्या, पण फुटणार होत्या.

आणि धूर व पिकअप या दोन तक्रारींना दोन वेगळी कारणं निघाली. आपल्या बुद्धीला एकाच कारणाची फार ओढ असते. जुन्या यंत्राला, आणि जुन्या माणसालाही, एका वेळी तीन वेगळे आजार असू शकतात. हे आम्ही स्वानुभवावरून सांगतो.

परत मारेकऱ्याकडे येऊ. मॅनिफोल्ड उतरवून टर्बो बाहेर काढायला पूर्ण शनिवार गेला. गंजलेले नट तापवायचे, त्यावर तेल सोडायचं, थांबायचं, पुन्हा प्रयत्न. घाईने पाना मारला की बोल्ट तुटतो आणि एका दिवसाचं काम आठवड्याचं होतं. टर्बो हातात आल्यावर आम्ही शाफ्ट हलवून बघितला. आडवा किंचित हलला. आम्ही म्हटलं, "हा बघ झिजलाय." पुन्हा चूक. मघाशी सांगितलं ना, शाफ्ट तेलावर तरंगतो. म्हणजे तेलासाठी जागा ठेवलेलीच असते, आणि कोरड्या बुशात तो थोडा हलणारच. बघायचं ते वेगळं. पुढे-मागे हलतो का, आणि चक्राची पाती घराच्या भिंतीला घासली आहेत का. इथे दोन्ही होतं. पात्यांच्या टोकांना घासल्याची चमक दिसत होती.

पुतण्याने एक शहाणपण केलं होतं. पहिला मेलेला टर्बो त्याने फेकला नव्हता, खोक्यात ठेवला होता. दोन्ही प्रेतं शेजारी ठेवून उघडली. दोन्हीकडे बुशांपाशी काळी, कडक, कोळशासारखी पुटं. तेल येणारी बारीक नळी तर पहिलीच होती, टर्बो बदलताना तीच परत जोडलेली. तिच्यातून तार घातली तर मधेच अडकली. आतून कोळशाने अरुंद झाली होती. म्हणजे दुसऱ्या टर्बोला पहिल्या दिवसापासून तेल कमी मिळत होतं, आणि जे मिळत होतं त्यात कोळशाचे कपचे.

पुतण्या खूश. नळी बदलायची, टर्बो पुन्हा दुरुस्त करून घ्यायचा, संपलं. आम्हीही खूश. त्या रात्री जेवताना त्याने सगळं सांगितलं. सूनबाई शांतपणे ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "पण कोळसा झाला कसा? आम्ही पेशंटला काय दुखतंय एवढंच विचारत नाही. आधी काय होत होतं जे आता होत नाही, हेही विचारतो. तुझी गाडी आधी काय करायची जे आता करत नाही?"

पुतण्या घास हातात धरून थांबला. "घरघर," तो म्हणाला.

आम्ही आलो त्या पहिल्याच संध्याकाळी गॅरेजमध्ये गाडी लावताना त्याने सहज सांगितलं होतं की पूर्वी गाडी बंद केल्यावरही बॉनेटखाली काहीतरी घरघरत राहायचं, शेजारी विचारायचे, आता बरं झालं, तो आवाज बंद झाला. आम्ही हसलो होतो. तीन आठवडे ते वाक्य आमच्याकडे पडून होतं.

ती घरघर कसली? या गाडीच्या टर्बोला तेलाखेरीज पाण्याचीही थंडाई दिलेली आहे. गाडी जोरात चालवून एकदम बंद केली की इंजिनाचा तेलाचा पंप थांबतो, पण टर्बाइनचं घर लाल तापलेलं असतं. ती उष्णता मधल्या भागात शिरते आणि तिथे अडकलेलं तेल जळून त्याचा कोळसा होतो. हे ओळखूनच कारखान्याने एक छोटा विजेचा पंप दिला होता. इंजिन बंद झाल्यावरही तो काही वेळ टर्बोमधून पाणी फिरवत राहतो. घरघर त्या पंपाची. तो तीन दशकांहून जास्त चालला आणि म्हातारपणाने थांबला. त्यात कुणाचा दोष नाही. पण तो थांबल्याचं सांगणारा दिवा डॅशबोर्डवर नाही, गाडीच्या चालण्यात काही फरक पडत नाही. उलट आवाज गेला म्हणून मालकाला बरं वाटलं.

भाट्ट मीमांसक आणि अद्वैत वेदान्ती अनुपलब्धी नावाचं एक स्वतंत्र प्रमाण मानतात. एखादी गोष्ट नाही, हे ज्ञान आपल्याला कशाने होतं? तर ती न दिसल्याने, न ऐकू आल्याने. नैयायिकांना हे स्वतंत्र प्रमाण मान्य नाही, तो वाद मोठा आहे, आज त्यात शिरत नाही. पण अनुपलब्धीला एक अट घातलेली आहे ती फार मोलाची. ती योग्य अनुपलब्धी हवी. म्हणजे ती गोष्ट असती, तर इथे, आत्ता, कळलीच असती अशी परिस्थिती हवी. गजबजलेल्या रस्त्यावर पंप ऐकू आला नाही, याला काही अर्थ नाही. पण शांत तळघरात, इंजिन गरम असताना, शेजाऱ्यांनाही ऐकू जाणारा आवाज आला नाही, तर तो पंप चालत नाही, हे ज्ञान आहे. तरी पुतण्याने दुसऱ्या दिवशी पंपाला बॅटरीच्या तारा थेट जोडून पाहिल्या, कारण दोष रिलेचा किंवा वायरिंगचाही असू शकला असता. पंप हलला नाही. जाम झालेला.

दुरुस्तीबद्दल आता सरळ सांगतो. शाफ्ट आणि चक्रं यांचा तोल साधण्याचं काम घरचं नाही. ते यंत्रावर करतात, ते जाणकाराकडेच दिलं. बाकी घरी झालं. तेलाची नळी नवी, परतीची नळी नवी, विजेचा पंप नवा, सगळी पॅकिंगं नवी. तेलाच्या जोडांवर कागदाचं किंवा धातूचं पॅकिंगच लावायचं, ट्यूबमधली चिकट पेस्ट तिथे नको. तिचे दोरे आत सुटतात आणि तेलाची वाट अडवतात. इंजिन ऑइल आणि फिल्टर बदलले. आणि पहिल्यांदा चालू करण्याआधी पेट्रोल आणि ठिणगी दोन्ही तोडणारा रिले काढून, तेलाच्या दाबाचा काटा हलेपर्यंत नुसता सेल्फ मारला. नव्या टर्बोचे पहिले फेरे कोरडे होऊ द्यायचे नाहीत, एवढाच हेतू.

एका मुद्द्यावर आमचं जमलं नाही. मॅनिफोल्ड उघडाच आहे तर खालच्या सगळ्या नळ्या, होज, व्हॉल्व्ह एकदम बदलून टाकू, असं पुतण्याचं मत. आम्ही म्हणत होतो, एका वेळी एकच गोष्ट बदल, नाही तर कशाने गुण आला ते कधीच कळणार नाही. तो म्हणाला, "काका, तुम्हाला ज्ञान हवंय, मला गाडी." त्याचं बरोबर होतं. जिथे पोचायलाच एक शनिवार लागतो, तिथे पस्तीस वर्षांचं रबर ज्ञानासाठी राखून ठेवणं हा शुद्ध प्राध्यापकी हट्ट झाला. फक्त निदान पूर्ण होण्याआधी सगळं बदलायचं नाही, एवढं त्याने आमचं ऐकलं, आणि दोन्ही मारेकरी सापडले ते त्यामुळेच.

ऑगस्टच्या शेवटी गाडी सुरू झाली. पहिले काही सेकंद पाइपांत राहिलेल्या जुन्या तेलाचा भरपूर धूर आला आणि पुतण्याचा चेहरा पडला, मग तो हळूहळू विरला. महामार्गावर काटा पावणेदोनला टेकला. परत येऊन गाडी बंद केली आणि तिघेही बॉनेटपाशी कान देऊन उभे राहिलो. घरघर होती. तपासणीही पास झाली, फक्त मागच्या एका टायरबद्दल शेरा मिळाला.

एक प्रश्न चिठ्ठीवर आलाय, तो घेतो. "आमच्या डिझेल गाडीलाही टर्बो आहे, बंद करण्याआधी ती चालू ठेवायची का?" डिझेलमधला वायू पेट्रोलइतका तापत नाही, पण तत्त्व तेच आहे. घाट चढून आलात आणि लगेच हॉटेलपाशी थांबलात, किंवा महामार्गावरून थेट पेट्रोल पंपावर वळलात, तर मिनिटभर इंजिन मंद चालू द्या आणि मग बंद करा. गावात शेवटचे दोन किलोमीटर सावकाशच येत असाल, तर वेगळं काही करायला नको. तेल मात्र वेळच्या वेळी बदला. आणि आणखी एक विचारलंय, टर्बोची शिट्टी ऐकू येते ती वाईट का? पहिल्यापासून येत असेल तर नाही. अलीकडे सुरू झाली असेल, तर आधी होज बघा, मग टर्बो.